चांदीच्या तबकातली लस

आमच्या घरात मोठी माणसं तीन. मामंजी सदैव मामंजींचा विचार करत आणि हे सदैव ह्यांचा. राहता राहिले मी, तेव्हा बाळाचा विचार करण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ते मी जरा जास्तच करत असे, हे कबूल. पाच महिन्यांचं पोर झोपलं की त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास लागतो का बघायचा, आणि लागला की मग आपण श्वास सोडायचा, अशी माझी तऱ्हा.

मामंजी म्हणजे वकील चिंतामणराव, नाशिक म्युनिसिपालिटीचे मेंबर. गाव त्यांना तात्यासाहेब म्हणतं, आणि तेही स्वतःला तात्यासाहेबच म्हणतात. "तात्यासाहेब हयात असताना हे होणं नाही," असं ते आरशासमोर फेटा बांधताना कुणाला तरी बजावत असतात. मागे एकदा गंगेला पूर आला, तेव्हा पाणी आमच्या तिवंध्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ओसरलं. ती हकीकत मामंजी अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गोदामाईनं यांना ओळखलं आणि ती अदबीनं मागे फिरली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यांच्या तेराव्याला किती पानं उठली नि मुंबईहून कोण कोण आलं, हे मला तोंडपाठ आहे. सासूबाई दिसायला कशा होत्या, ते अजून कळलेलं नाही.

ह्यांचं सगळं उलट. हे हायस्कुलात शिकवतात, कविता करतात, आणि आवाज चढवून कधीच बोलत नाहीत. हे नुसते गप्प होतात. "आज आमटी छान झालीय ना?" असं मी म्हटलं, की ह्यांना कालची भाजी आठवते, कारण ती ह्यांनी आणलेली असते. मासिकाकडून कविता परत आली की चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचं, आणि पाचव्या दिवशी हळूच म्हणायचं, "त्या लोकांना माझी धास्ती वाटते, शैला." बाळ ह्यांच्या मांडीवर एकदा रडलं, तर ह्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे. त्यालासुद्धा मी नकोसा झालोय." बाळ ओलं झालं होतं, एवढंच.

लग्नाआधी मी पुण्याला बी. ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकले. तर्कशास्त्र हा माझा आवडता विषय. या घरात त्याचा उपयोग एवढाच झाला की बापलेक कितीही उलट दिसले तरी दुखणं एकच आहे हे मला पहिल्या वर्षातच उमगलं. एकाचा आरसा दिवाणखान्यात टांगलेला, दुसऱ्याचा उशाखाली. पण दिवसभर बघायचं दोघांनाही त्यातच.

चैत्रात एके सकाळी नवसाबाई बाळाला तेल लावायला आली, ती उंबऱ्यातच थबकली.

"बाई, कथड्यात बाया आल्यात."

कथडा हा गावातलाच एक मोहल्ला, आणि बाया म्हणजे देवी. त्या रोगाचं नाव नवसाबाई कधी घेत नाही, घेतलं की कोप होतो म्हणते.

"कुणाकडे?" मी विचारलं.

"मालेगावाकडनं पावणा आला व्हता, त्याच्या पोराला. दाराला लिंब बांधलाय. तू याला टोचलं का नाय अजून?"

टोचलं नव्हतं. थंडीत बाळाला खोकला होता, मग मामंजींची निवडणूक होती, मग ह्यांचं मन ठिकाणावर नव्हतं. त्या दिवशी मामंजी जेवायला बसल्यावर मी दाराआडून म्हटलं, "मामंजी, बाळाच्या देवी टोचून घ्यायला हव्यात. कथड्यात साथ आलीय म्हणतात. मी उद्या नवसाबाईबरोबर दवाखान्यात जाऊन येऊ का?"

मामंजींचा हात ताटावर थांबला. "दवाखान्यात? तात्यासाहेबांचा नातू दवाखान्याच्या ओट्यावर रांगेत बसणार?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

"तेच तर! पाच मिनिटांत उरकावं असं हे कार्य आहे का?" भात कालवता कालवता त्यांचे डोळे चमकायला लागले. "सूनबाई, लोक टोचून घ्यायला भितात. का भितात? कारण त्यांच्यापुढे उदाहरण नाही. विक्रमादित्य पहिला टोचून घेईल. जाहीर. सभेत."

विक्रमादित्य म्हणजे आमचं बाळ. हे नाव मामंजींनी ठेवलं. पोराचं वजन अजून नावाइतकं भरलेलं नाही.

मग हस्तपत्रकं छापली गेली. तारीख ठरली ती कचेरीतल्या एका मोठ्या साहेबांच्या सोयीनं, आणि बदललीही दोनदा, त्यांच्याच सोयीनं. रोज सकाळी नवसाबाई तेलाची वाटी घेऊन बसली की मी विचारायची, "कुठवर आलंय?" आणि ती सांगायची, "बागवानपुऱ्यात दोन घरं झाली." मी दारं-खिडक्या लावून घ्यायची, जसा काही तो रोग गल्लीतून हाका मारत येणार होता.

ह्यांनी समारंभासाठी स्वागतपद्य लिहायला घेतलं होतं. चोवीस कडवी. आठ दिवस ह्यांच्या तोंडावर तेज होतं, जेवायला दोनदा वाढून घेत होते, बाळाला खेळवतसुद्धा होते. एकोणिसाव्या कडव्यात बाळाचं नाव होतं. बाकी तेवीस कवीच्या मनाविषयी होती.

समारंभ वैशाखात झाला, शाळेच्या पटांगणात. मांडव होता, पण तो खुर्च्यांवर. टेबल मांडलं होतं पुढे, उघड्यावर, कारण फोटोवाल्याला उजेड हवा होता. सकाळी आठला सगळे जमलो. गल्लीतली आणखी आठ-दहा मुलं आयांच्या कडेवर होती. मोतीराम शिंप्याची मुलगी माझ्याशेजारीच होती, टपोऱ्या डोळ्यांची.

देवी टोचणारे बद्रुद्दीनभाई वेळेआधीच आले होते. पांढरी दाढी, हातात पेटी, आणि काखेत एक कोरं मडकं. मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या काचेच्या नळ्या.

मामंजींनी मडक्याकडे बघितलं. "हे काय?"

"लस आहे, तात्यासाहेब. बेळगावहून परवाच आली. हिला गारवा लागतो."

"अहो, पण फोटोत मडकं दिसेल!"

"दिसू द्या ना, साहेब."

"उद्या हा फोटो मुंबईच्या वर्तमानपत्रात जाणार. लोक विचारतील, नाशिकला दहावा होता की काय?" मामंजींनी घरून आणवलेलं चांदीचं तबक पुढे केलं. "यात ठेवा. हळदकुंकू, अक्षता, मध्ये नळ्या. कसं शोभतं बघा."

"साहेब, ऊन लागलं तर लस—"

"बद्रुद्दीन, तुम्ही टोचण्याचं बघा. शोभेचं मी बघतो."

नळ्या तबकात गेल्या. साहेब आले साडेदहाला. तोवर तबकातलं कुंकू पाघळलं होतं आणि मला चांदीकडे बघवत नव्हतं, इतकी ती तळपत होती. दोनदा मी उठले. एकदा मामंजींनी हातानं बसा म्हणून खूण केली. दुसऱ्यांदा बद्रुद्दीनभाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, ती 'हो' होती की 'नाही', कळलं नाही. सभेत सून बोलत नाही. मी बसले. त्या बसण्याचा मला पुढे फार राग आला.

मग मामंजींचं भाषण झालं. नाशिकच्या आरोग्याच्या इतिहासाला त्यांनी आपल्या मुंजीपासून सुरुवात केली. वकिलीपर्यंत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, तेव्हा कार्यक्रमातलं एक कलम गाळावं लागलं. ते ह्यांचं होतं. हे हातातला कागद चौपदरी घडी करून खिशात ठेवताना मी पाहिलं. फोटोवाला म्हणाला, हलू नका. बाळाच्या डाव्या दंडावर चार टोचण्या झाल्या, बाळानं टाहो फोडला, टाळ्या झाल्या. मग बाकीच्या मुलांचं उरकलं, त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून पडले. मामंजी दिवाणखान्यात येरझारा घालत आल्यागेल्याला विचारत होते, "शेवटचं वाक्य कसं होतं?"

आठव्या दिवशी बद्रुद्दीनभाई तपासायला आले. बाळाचा दंड त्यांनी उजेडाकडे फिरवला, बोटानं चाचपला. खपली धरून पडूनही गेली होती. ना फोड, ना लाली.

"उठली नाही, बाईसाहेब."

"म्हणजे?"

"लस मेलेली होती. फार नाजूक चीज. मोतीरामच्या पोरीची बघून आलो, तीच गत. सगळ्यांचीच तशी असणार. पुन्हा टोचावं लागेल."

मामंजी पलीकडे कागद चाळत होते. त्यांनी चष्मा वर केला. "बद्रुद्दीन, इतकी वर्षं नोकरी केलीत आणि एवढं कळत नाही? लस केव्हा उठत नाही? रक्तात आधीच जोर असला तर! आमच्या घराण्यात देवी कुणाला आल्याच नाहीत."

बद्रुद्दीनभाईंची नजर मामंजींच्या गालावर गेली. तिथे पाच-सहा चांगले खोलगट वण आहेत.

"हे?" मामंजी म्हणाले. "हा आंब्याचा चीक. लहानपणी उडाला होता."

"जी."

"शिवाय वर्तमानपत्रात छापून आलंय, 'टोचणी यशस्वी रीतीने पार पडली.' आता पुन्हा टोचायचं म्हणजे छापलेलं खोटं पाडायचं? या घरात पुन्हा सुई येणार नाही. तात्यासाहेबांनी एक गोष्ट एकदा केली की ती झाली."

बद्रुद्दीनभाई पेटी उचलून निघाले. दारात माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "साथ थांबायची नाही, बाईसाहेब. मी नोकर माणूस. इथे माझं तोंड चालत नाही."

मग मी ह्यांच्याकडे गेले. ह्यांचे वडील कसेही असले तरी पोराचा बाप हे आहेत, असा माझा युक्तिवाद होता.

"अहो, ऐकलंत ना? लस उठली नाही. तुम्ही बाळाला दवाखान्यात घेऊन चला. मामंजींना आपण नंतर सांगू."

हे आढ्याकडे बघत म्हणाले, "आता माझी आठवण झाली."

"म्हणजे काय?"

"माझं पद्य गाळलं तेव्हा तू एक शब्द तरी बोललीस? त्या दिवशी घरी यायला निघताना पहिला प्रश्न तू मला काय विचारलास? 'बाळाला कुंची घातली का?'"

"वैशाखाचं ऊन होतं हो!"

"होतं ना. मलाही लागत होतं." हे उशी सारखी करत म्हणाले, "पुन्हा नेलं आणि ताप आला तर बोल कुणाला? मलाच. तात्या म्हणतील, उपेंद्रानं माझ्या कार्याला बट्टा लावला."

"बरं, तुम्ही राहू द्या. मी नेते."

"ने की. बाप असून नसल्यासारखा आहे, हे गावालाही कळू दे."

"मग नेऊ की नको?"

"मी कोण सांगणारा?"

हे कूस बदलून पडले. मी पदराला गाठ मारत तिथेच उभी राहिले. मनात आलं, एक म्हणतो माझ्या रक्ताला रोग होत नाही. दुसऱ्याला रोगापेक्षा आपल्या कवितेचं जास्त लागलंय. आणि ज्याला रोग व्हायचा तो पाळण्यात पाय चोखतोय.

त्याच आठवड्यात हुस्नबानो मणियारीण बांगड्या घेऊन आली. माझा हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवत होती, आणि मी नेहमीसारखी 'हळू गं' म्हणाले नाही, तेव्हा तिनं मान वर केली.

"काय झालं? सासऱ्यानं मारलं का नवऱ्यानं?"

"दोघंही तसे नाहीत गं."

"मग तर वाईट. मारणाऱ्याला हात तरी धरता येतो."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि बांगडी फिरवत होती. "परवा गुरुवार. बद्रुद्दीनचाचा माझ्या अंगणात बसणार आहे, नवी लस घेऊन. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना टोचणार. ये तू."

"तुमच्या मोहल्ल्यातच तर साथ आहे ना?"

"ती पलीकडच्या बाजूला. माझ्या गल्लीत नाय अजून. आणि तुझ्या गल्लीत यायची काय वाट बघतीस?"

गुरुवारी सकाळी मी काळ्या रामाच्या दर्शनाला जाते असं सांगून निघाले. मामंजी म्हणाले, "पुजाऱ्याला सांग, तात्यासाहेबांची सून. पुढे घेतील." मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पहिल्या चौकापर्यंत माझे कान तापलेले होते. नवसाबाईनं बाळाला कडेवर घेतलं होतं आणि त्याच्या तोंडावर आपल्या पदराचं टोक धरलं होतं. वाटेत एका दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला. आम्ही दोघींनी एकमेकींना न सांगता चाल वाढवली.

हुस्नबानोच्या अंगणात चिंचेची सावली होती, सावलीत रांजण, आणि रांजणाच्या ओल्या वाळूत ते मडकं. दहा-बारा बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. भाषणाला कुणी नव्हतं. हुस्नबानोनं माझ्यासाठी चटई टाकली. "पाणी देऊ का, चालतं का तुला?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तिनं दिलं. मी प्यायले.

बद्रुद्दीनभाईंनी बाळाचा उजवा हात धरला.

"नको," मी म्हटलं, "डाव्यावरच. जुन्या खुणांच्या जवळच टोचा."

"का?"

"घरात दिसू नये म्हणून."

त्यांनी काही न बोलता डावा दंड पुसला. माझी ही अक्कल मला फार महागात पडायची होती, पण तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

पाचव्या दिवशी दंडावर चार लालबुंद टपोरे फोड दिसले. बाळाला ताप भरला, दोन दिवस ते किरकिरत होतं. मी भर वैशाखात त्याला लांब बाह्यांचं झबलं घालून ठेवलं होतं आणि वारा घालत होते. मला इतका आनंद झाला होता की मी फोडांना हळूच नमस्कार केला. ताप उतरला, फोड पिकले, आणि बरोबर तेव्हाच मामंजींना नातवाला घेऊन गच्चीवर जावंसं वाटलं. उकडतंय म्हणून त्यांनी झबलं काढलं.

खाली आले ते ओरडतच. "उठली! सूनबाई, उठली! उपेंद्रा! अरे, एकविसावा दिवस! एकविसाव्या दिवशी उठली!"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. सांगायला तोंड उघडलं होतं. पण मामंजी तोवर रस्त्यावर पोचले होते.

संध्याकाळी दिवाणखाना भरला. समारंभात ज्यांच्या मुलांना टोचलं होतं ते सगळे बाप आले होते. बाळाला उघडं करून गादीवर लोडाला टेकवून बसवलं होतं, आणि मामंजी छडीनं न टोचता दंड दाखवत होते, जसा मास्तर नकाशा दाखवतो.

"सामान्य लस आठव्या दिवशी उठते. पण संस्कारपूर्वक, मंत्रोच्चारात, चांदीच्या पात्रातून टोचलेली लस रक्तात खोल जाते. वेळ घेते. बद्रुद्दीनला हे ठाऊक नाही, त्याचा दोष नाही. मी यावर एक लेख लिहिणार आहे."

मी दाराआड उभी होते. हे शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात, हात बांधून.

मोतीराम शिंपी जरा पुढे सरकला. "तात्यासाहेब, म्हंजे आमच्या पोरीची बी उठेल?"

"न उठायला काय झालं?"

"नाय, चाचा म्हणत व्हते का पुन्हा टोच. मी उद्या न्यायची म्हणत व्हतो. पण आता तुम्ही म्हणता तर—"

"मुळीच नेऊ नका! खोल गेलेल्या लशीला वरून दुसरी सुई मारायची? थांबा. धीर धरा. एकविसाव्याला नाही तर एकतिसाव्याला उठेल."

"थांबतो मग," मोतीराम म्हणाला. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं 'थांबू, थांबू' म्हणाले. मोठ्या विश्वासानं म्हणाले. साथ आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवर होती.

माझ्या डोळ्यांपुढे मोतीरामच्या मुलीचे ते टपोरे डोळे आले. दिवाणखान्यात पुरुष बसलेले असताना त्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून मी सरळ आत गेले आणि बाळाला उचललं. कदाचित मला कुणाला तरी धरायचं होतं.

"मोतीरामदादा, थांबू नका," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. "ही लस समारंभातली नाही. ती उन्हात मेली होती. नऊ दिवसांपूर्वी मी बाळाला हुस्नबानोकडे नेऊन पुन्हा टोचून आणलंय. त्याच दंडावर. उद्या सकाळीच मुलीला न्या. सगळ्यांनीच न्या."

मी मामंजींकडे बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावरचं सगळं उतरलं होतं. छडी तशीच हवेत. जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखे ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, कुणी तरी आपल्याला ओळखावं म्हणून. मला एकदम त्यांची भीती वाटेनाशी झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे कीव आली.

मग मामंजी हसले. आधी नुसता घसा साफ केला, मग हसले, मग छडी गादीवर आपटली.

"अरे, बघता काय? मीच पाठवलं होतं तिला!"

मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मीच! म्हटलं, सूनबाई, गाजावाजा करू नकोस, जाऊन ये. आणि मुद्दाम हुस्नबानोकडे पाठवलं. हिंदू-मुसलमान ऐक्य नुसतं सभेत बोलून होत नाही, घरातून सुरुवात लागते. तुमच्यापुढे मघाशी वेगळं बोललो, ते तुमची परीक्षा बघायला. म्हटलं, एक तरी जण उलट प्रश्न विचारतो का! कुणी विचारला? शेवटी माझ्याच घरातल्या बाईला बोलावं लागलं."

"वा, तात्यासाहेब," कुणीसं म्हणालं.

"उद्या सगळ्यांनी टोचून घ्यायचं. दुबार. हा तात्यासाहेबांचा शब्द."

"मला मात्र कुणी सांगितलं नाही," उंबऱ्यातून आवाज आला. हे बोलत होते. पण बैठक उठत होती, जोडे शोधले जात होते, तेव्हा ते कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून ह्यांनी पुन्हा म्हटलं, "मी पोराचा बाप. पण मला सांगायचं कुणाला सुचलं नाही."

त्या रात्री हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. मी ताट घेऊन गेले.

"सगळ्या गावाला कळलं," हे भिंतीला म्हणाले. "तेल लावणारीला कळलं, मणियारणीला कळलं. तुझा माझ्यावर एवढाही विश्वास नाही."

"मी तुम्हालाच आधी विचारलं होतं."

"मी नाही म्हटलं होतं का?"

नव्हतं म्हटलं. तर्कशास्त्र थकलं. माझ्या ओठांवर आलं होतं, 'मी एकटी गेले, मला किती भीती वाटत होती, कुणी मला विचारलंत का?' वाक्य अगदी तयार होतं, सूरसुद्धा लागला होता. तो सूर ओळखीचा वाटला तशी मी तोंड मिटलं. हेही दुखणं संसर्गजन्य असावं, आणि याची लस बेळगावला निघत नाही. ताट ठेवून मी बाहेर आले. संध्याकाळी ताट रिकामं होतं, पण आम्ही दोघांनी ते पाहिल्याचं दाखवलं नाही.

नवसाबाईलाही माझं म्हणणं पटलेलं नव्हतं. बाळाच्या पाठीला तेल चोळता चोळता ती शेजारच्या मोलकरणीला सांगत होती, "तात्यासायेब म्हणत्यात म्या पाठवलं, बाई म्हणती म्या नेलं. पोर कडेवर कुनाच्या व्हतं? माझ्या! ती नुसती मागनं चालत व्हती, घाबरून."

हे मात्र खरं होतं.

सगळी मुलं दुसऱ्या दिवशी टोचून झाली. साथ आमच्या गल्लीतही आली, तळाच्या घरात एक म्हातारी गेली. मी आठ दिवस रात्री उठून बाळाचा दंड चाचपत होते, आणि झोपेत मोतीरामच्या मुलीचाही.

नवव्या दिवशी मोतीरामची बायको मागच्या दारानं आली. मुलगी कडेवर, दंड उघडा. चार फोड, पुसट नव्हेत, चांगले पिवळे, कडेनं लाल.

"उठली, वहिनी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा ना, चारही उठले. लई घोर व्हता जिवाला."

मी हात पुढे केला आणि मुलीनं माझं बोट घट्ट धरलं. मी थांबले. कशासाठी थांबले, ते मला ठाऊक आहे.

"तात्यासायेबांचे लई उपकार झाले," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तिला खाजवू देऊ नका. नखं काढा आज. आणि सैल झबलं घाला, फोडाला कापड घासता कामा नये."